ओआरएसचं पाकीट अर्धं करू नका

महोदय,
सांगली जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर (झोपड्यांवर) ओआरएसची, म्हणजे जुलाबात पाण्यात कालवून पाजायच्या मीठ-साखरेच्या पुडीची, पाकिटं पोहोचतात, पण कालवताना घात होतो. पेलाभर पाण्यात अंदाजाने अर्धं पाकीट टाकलं, तर मीठ जास्त होऊन रक्तातलं सोडियम वाढतं, बाळाला झटके येऊ शकतात. मोठं पाकीट एकदम, पूर्ण 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यातच कालवावं; 24 तासांनी उरलेलं ओतून द्यावं. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर 50 ते 100 मिली, चमच्याचमच्याने. उलटी झाली तर 10 मिनिटं थांबून पुन्हा. अंगावरचं दूध मुळीच तोडू नये! जुलाबावर दिलेलं झिंकचं औषध मात्र जुलाब थांबले तरी 14 दिवस द्यावं. लघवी थांबली, मूल निपचित पडलं तर लगेच दवाखाना. कारखान्यांनी प्रत्येक कोपीला लिटरची खूण केलेली बाटली द्यावी.

– बालआरोग्य कार्यकर्ते, सांगली