शौर्याला सहा कॉलम, कडीला एक ओळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जिन्यात चोरट्यांना एकट्याने भिडलेल्या गृहस्थांची बातमी कालच्या अंकात वाचली. हाताला पट्टी, मागे सोसायटीची कमिटी आणि मथळ्यात 'धाडस'. त्यांना लवकर आराम पडो, हे अगदी मनापासून. पण 'मजल्यावरील अन्य तीन फ्लॅटना बाहेरून कड्या लावल्याचे आढळले' हे वाक्य तुमच्या वार्ताहरांनी सगळ्यात शेवटी, जागा उरली म्हणून घातल्यासारखं घातलंय. अहो, बातमी तीच होती! वरच्या मजल्यावरून उतरलेला माणूस एकटा पडला, कारण मदतीला धावणारी तिन्ही घरं आपापल्या दारामागे कोंडलेली होती.

बंद फ्लॅट फोडण्याआधी शेजाऱ्यांच्या कड्या लावून घेणं ही घरफोडीतली जुनीच रीत आहे. तरीही दर सोसायटीत दारांना बाहेरून कडी असतेच. साधा कडी-कोयंडा असेल तर उपाय सोपा. घरात असताना रिकाम्या कोयंड्यात पिटुकलं कुलूप अडकवून ठेवायचं, मग कडी वर बसतच नाही. आल्ड्रॉप, म्हणजे आडव्या सरकत्या दांड्याची कडी, असेल तर मात्र ही युक्ती फसते. त्याचा दांडा चौकटीच्या भोकात सरकला की दार बंद झालं, पट्टी कोयंड्यावर बसो की न बसो. तो सरळ काढून टाका. जीव होत नसेल तर चौकटीतल्या भोकात फेविकॉल लावून लाकडी खुंटी ठोका. जाळीच्या सेफ्टी दाराची बाहेरची कडीही पाहा, ती हमखास विसरली जाते. आणि अडीअडचणीला फोन करायचे दोन नंबर दुसऱ्या मजल्यांवरचे ठेवा. समोरचे काका कितीही धावून येणारे असले तरी त्या रात्री ते आतच अडकलेले असणार.

आल्ड्रॉप काढला तर बाहेर जाताना काय, असं लोक विचारतात. लॅच आहे की. मात्र दार ओढलं, 'खट्' वाजलं, म्हणजे कुलूप लागलं असं नव्हे. ती स्प्रिंगवरची जीभ असते. फटीतून पातळ पत्रा सरकवला की मागे जाते. किल्ली शेवटपर्यंत फिरवली की जीभ घट्ट होते, तसलं लॅच घ्या आणि किल्ली खरोखर फिरवा. 'कडी-कोयंडा उचकटून' हे शब्द तुम्ही दर आठवड्याला छापता. तो उचकटतो कारण हजारोंच्या कुलपामागचा कोयंडा पाऊण इंची स्क्रूंवर लटकत असतो. कटावणीचा एक हिसका बसला की कुलूप शाबूत आणि दार उघडं. दाराला आरपार बोल्ट, नट आतल्या बाजूने, आणि चौकटीत दोन-अडीच इंची स्क्रू, एवढं केलं तरी चोराला वेळ लागतो आणि आवाज होतो. त्याला नेमकं तेच नको असतं.

आता बातमीशेजारी चौकटीत छापलेल्या तुमच्या 'घरात काठी, मिरचीपूड ठेवा' या सल्ल्याविषयी. जिन्याच्या अरुंद जागेत काठी घुमवायला हातच मागे जात नाही, ती भिंतीला थडकते. दीड फुटी कटावणी मात्र जवळून खुपसायला सोयीची. मिरचीपूड उडवा, वर पंखा चालू असू द्या, आणि आधी कोण खोकतं ते बघा. चोर घरात शिरल्याचं कळलं तर झोपायच्या खोलीची आतली कडी लावा, दिवा लावा, ११२ फिरवा आणि गळा फाडून ओरडा. चोर आणि दार यांच्या मध्ये उभं राहू नका. त्याला पळायचंच असतं, वाट अडली की तो अंगावर येतो. घरी परतल्यावर दार उचकटलेलं दिसलं तर 'कोण आहे?' म्हणून आत शिरू नका. तसेच खाली उतरा. कपाटालाही हात लावू नका, ठसे घ्यायचे असतात. पाठलाग नकोच. त्यांच्या गाडीचा नंबर बहुधा खोटा असतो किंवा गाडीच चोरीची. पायातले बूट बघून ठेवा. शर्ट पुढच्या वळणावर बदलता येतो, बूट कोणी बदलत बसत नाही.

'कायदा नागरिकांच्या पाठीशी' असंही छापलंत. अर्धंच खरं. भारतीय न्याय संहितेच्या ४१व्या कलमात सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेतल्या घरफोडीविरुद्ध बचावाचा मोठा हक्क आहे. पण गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, हे ३७वं कलम बजावतं. पकडून खांबाला बांधलेल्या माणसाला बडवणं हा बचाव नाही, तुमच्यावरचा गुन्हा आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या ४०व्या कलमानुसार पकडलेला माणूस विनाकारण उशीर न करता, फार तर सहा तासांत, पोलिसांच्या हवाली करायचा असतो. आणि तो चोर आहे हे ठरवलं कोणी? १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचल्यात चोर समजून जमावाने मारलेले तिघे दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक होते.

जाता जाता एक घरचा आहेर. दाराच्या कडीत खोचलेले तीन दिवसांचे अंक ही चोरासाठी 'मालक गावाला गेले' अशी पाटीच असते. त्यात तुमचाही अंक असतो. विक्रेत्याला सांगूनही तो पडायचा थांबत नाही. आणि कुपन योजनेतला एक दिवस चुकला तर बक्षीस बुडतं म्हणून वाचकही बंद करायला कचरतात. आधीचे दोन अंक उचललेले नसतील तर तिसरा दारात टाकू नये, एवढी सूचना विक्रेत्यांना द्याल का? बिल पूर्ण महिन्याचं लावा हवं तर.

आपला,
एक वाचक, पुणे