काकांच्या पेनकिलरबद्दल

प्रिय नंदू,

परवा फोनवर तू सहज बोललास की काका गुडघ्यासाठी रोज पेनकिलर घेतात, मेडिकलवाला ओळखीचा आहे, तेव्हापासून ते डोक्यातून जातच नाहीये.

गेल्या आषाढात बाबांचं काय झालं ते तुला अर्धवटच माहितीये. लावणी चालू, आठवडाभर चिखलात, पायाला भेगा. मग ताप, डोळे लाल, पोटऱ्या इतक्या दुखायला लागल्या की हात लावू देईनात. आम्हाला वाटलं पावसात भिजले म्हणून. तीन दिवस तीच दुखण्याची गोळी, वर उलट्या, पेजसुद्धा पोटात राहीना. चौथ्या दिवशी आई म्हणाली, अरे हे सकाळपासून लघवीला उठलेच नाहीत. कुडाळला रक्त तपासलं तर क्रिएटिनिन (किडनी नीट चालेनाशी झाली की रक्तात वाढतं ते) ५.८, तीन महिन्यांपूर्वी १.० होतं! लेप्टो, म्हणजे उंदरांपासून होणारा ताप निघाला, गोव्यात बांबोळीच्या हॉस्पिटलात नेलं, चार डायलिसिस.

डॉक्टरांनी समजावलं की किडनीला असा दणका काही तासांत, दिवसांत बसतो, ४८ तासांत क्रिएटिनिन नुसतं ०.३ ने वाढलं तरी ती धोक्याची खूण. उंदराच्या लघवीतले जंतू शेताच्या पाण्यातून भेगांत शिरले, त्यात उलट्यांनी अंगातलं पाणी गेलेलं. रक्त कमी पोचायला लागलं की किडनी आपल्या रक्तवाहिन्या रुंद ठेवून कसंतरी निभावते आणि डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या पेनकिलर नेमकं तेच बंद पाडतात. आराम पडावा म्हणून मीच हाताने देत होतो रे, अजून झोप लागत नाही कधीकधी.

आणि शहाळं! लघवी कमी झाली म्हणून दोन शहाळी पाजली. लघवी थांबली की पोटॅशियम अंगातच साठतं, शहाळ्यात तर ते भरपूर, जास्त वाढलं की हृदयाचे ठोके बिघडून माणूस जाऊ शकतो. आपल्याकडे आजाऱ्याला शहाळं देऊ नका असं कोण सांगणार?

बाबांचं डायलिसिस सुटलं, क्रिएटिनिन १.३ वर थांबलंय, पण एकदा मार बसलेल्या किडनीला पुढे कायमचा आजार जडायची भीती जास्त, म्हणून दर तीन महिन्यांनी तपासणी.

काकांना बीपीची गोळी आहे ना, आणि लघवी होण्याचीपण? बीपीच्या काही गोळ्या, लघवीची गोळी आणि वर पेनकिलर, हे तिन्ही एकत्र किडनीला फार वाईट. बीपीची गोळी मनाने बंद करू नकोस, सगळी पाकिटं डॉक्टरांना दाखव. चतुर्थीला गावी येशील तोपर्यंत थांबू नको, याच आठवड्यात क्रिएटिनिन करायला सांग. रिपोर्ट आला की मला पाठव, रात्री उशीर झाला तरी.

तुझा,
सुहास