सही करण्याआधी

चि. मनीस,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री तू ताटावरून उठून गेलीस. "आई, ही तुझी नोकरी नाही, माझी आहे," हे तुझं वाक्य मी भांड्यांबरोबर चार वेळा विसळलं, तरी निघालं नाही. बरोबरच बोललीस. सोमवारी नायब तहसीलदार म्हणून तू रुजू होशील, आणि माझं सेवापुस्तक 31 मेलाच मिटलं. तरी लिहिते. पत्रात तुला मध्येच बोलता येत नाही, एवढा फायदा.

तोंडी आदेशावर सही करू नकोस. काल हेच सांगत होते, तेवढ्यात तू उठलीस. साहेब कितीही मोठे असोत, कितीही घाईत असोत. वर्तणूक नियमांतच आहे की तोंडी सांगितलेलं नंतर लेखी मागून घ्यायचं, आणि ते देणं वरिष्ठांचं कर्तव्य आहे. मागताना लाज वाटते, ती वाटू दे.

असो. उपदेश करायचा नाही असं ठरवून बसले होते.

1988 साली मी लातूर जिल्ह्यात लिपिक-टंकलेखक म्हणून लागले. मिनिटाला मराठीचे 30 शब्द, एवढीच माझी मिळकत. आबा म्हणायचे, पोरगी दोन वर्षांत सोडून येईल. पाच वर्षांनी, 30 सप्टेंबर 1993 ला, भूकंप झाला. आदल्या दिवशीच गणपती विसर्जन झालेलं. किल्लारीच्या बाजूला आम्हाला मयतांच्या याद्या करायला पाठवलं. पाऊस पडत होता, कार्बन ओला होऊन कागदाला चिकटायचा. एका बाईने मुलाचं नाव सांगितलं, मी लिहिलं. तिला वाचता येत नव्हतं. तिने त्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हेच का त्याचं नाव?" मी हो म्हटलं. तिने बोट उचललंच नाही. मागे रांग होती, मला पुढची ओळ लिहायची होती, आणि मी तिचा हात बाजूला सारला. हलकेच, पण सारला. सदतीस वर्षांच्या नोकरीतलं मला हे सगळ्यात जास्त आठवतं. का, ते विचारू नकोस.

तू झालीस तेव्हा प्रसूतीची रजा 90 दिवसांची होती. एक्क्याण्णवाव्या दिवशी तुला मावशीकडे ठेवून मी बस पकडली. बालसंगोपन रजा आली 2018 ला, तेव्हा तू वीस वर्षांची झाली होतीस. शासन निर्णय वाचून मी टेबलावरच हसले. अशा रजेच्या अर्जावर माझी सही असायला हवी होती, असं तू मागे चिडून म्हणाली होतीस. ते मी विसरलेले नाही.

आणि ती चौकशी. तुला फक्त "आईला ऑफिसचा त्रास आहे" एवढंच माहीत होतं. एका कार्यालयात वरिष्ठांनी संध्याकाळी साडेसहाला फाइल पुढे टाकली. "बाई, करून टाका, मी बघतो." मी केली. महिनाभरात त्यांची बदली झाली, आणि माझ्या हातात 1979 च्या शिस्त व अपील नियमांखालचं दोषारोपांचं ज्ञापन आलं. ते म्हणाले, मी असं काही सांगितलंच नव्हतं. चौदा महिने. तुझ्या दहावीच्या गणिताच्या पेपरला मी सुनावणीला बसले होते. तुला सोडायला बाबा आले ते त्यासाठी. शेवटी दोषमुक्त झाले, पण त्या फाइलवरची माझी सही अजून स्वप्नात दिसते, आणि "मी बघतो" ऐकू येतं.

म्हणून म्हणते, तोंडी... हो, सांगून झालं. माफ कर.

तू घाबरट नाहीस, हे मला कळतं. मला त्याचीच भीती वाटते. भित्री माणसं निदान विचारतात तरी. तू पटकन "करते सर" म्हणशील, कारण तुला कामं उरकायला आवडतात. हे कुणाकडून आलंय तेही मला माहीत आहे.

30 जून 2024 ला सुजाता सौनिक राज्याच्या पहिल्या महिला मुख्य सचिव झाल्या. राज्य झालं 1960 ला. मी ती बातमी बाबांना दोनदा वाचून दाखवली. ते म्हणाले, आता आपली मनी. मी म्हटलं, आधी परिविक्षा, म्हणजे प्रोबेशन, तर नीट पार पडू दे. पण कपाटातल्या नव्या साडीची घडी मोडली त्या दिवशी.

रुजू अहवालाची पोच शिक्क्यासह घे. निवड यादीची आणि नियुक्ती आदेशाची झेरॉक्स वेगळ्या पिशवीत ठेव. माझं शाईचं पेन तुझ्या बॅगेच्या वरच्या कप्प्यात घातलंय, गळतं थोडं, झाकण घट्ट लाव. नको असेल तर घरी येशील तेव्हा परत आण.

पहिली सही कशावर केलीस ते रात्री फोनवर सांग. नाही, राहू दे. जेवलीस का तेवढं सांग.

तुझी,
आई