नदीवरून गाव नव्हे, गावावरून नदी

महोदय,

‘केंब्रिज म्हणजे कॅम नदीवरचा पूल’ असे सर्रास छापले जाते. प्रत्यक्षात क्रम उलटा आहे. या नदीचे जुने नाव ग्रँटा. वरच्या प्रवाहाला ते आजही आहे. आठव्या शतकात गावाची नोंद ‘ग्रोंटाब्रिक’, 875 च्या सुमारास ‘ग्रँटेब्रिज’ आणि 1086 च्या डूम्सडे पाहणीत (इंग्लंडच्या जमीनजुमल्याची राजाने करवलेली नोंद) ‘ग्रेंटेब्रिज’ अशी सापडते. ‘कॅम’चा कुठे मागमूस नाही.

फ्रान्सहून आलेल्या नॉर्मनांच्या अमलानंतर नाव झिजू लागले. एकाच शब्दात दोन ‘र’ आल्यामुळे पहिला गळाला, ‘ग’चा ‘क’ झाला आणि ‘कँटेब्रिज’ रूढ झाले. जुन्या मराठी पुस्तकांत लेखकाच्या पदवीपुढे दिसणारे ‘कँटॅब’ (म्हणजे केंब्रिजचा) याच टप्प्यातल्या लॅटिन रूपाचे. पुढे मधला ‘टे’ गेला आणि ‘ब’शेजारच्या ‘न’चा ‘म’ झाला. आपण ‘संबंध’ म्हणताना अनुस्वाराचे होते तेच. अशा तयार झालेल्या ‘केंब्रिज’वरून सोळाव्या शतकाच्या सुमारास नदीला ‘कॅम’ नाव चिकटले, तेही स्पेलिंगवरून. म्हणून तर गाव ‘केम’ आणि नदी ‘कॅम’ असा उच्चारभेद राहिला.

जवळच्या ग्रँटचेस्टर या खेड्याचीही गंमत आहे. शेवटच्या ‘चेस्टर’मुळे तिथे रोमन ठाणे असावे असे वाटते, पण डूम्सडेत ते ‘ग्रँटेसेटा’, म्हणजे ग्रँटाकाठचे वस्तीकर. आठव्या शतकातला इंग्लिश इतिहासकार बीड याने उल्लेखलेले ‘ग्रँटाकाइस्टिर’ हे उजाड ठाणे केंब्रिजच्या जागी होते. तेव्हा ग्रामनामाची फोड करायची तर आजचे स्पेलिंग बाजूला ठेवून सर्वांत जुनी नोंद आधी काढावी.

– एक वाचक, पुणे