पैसे भरून घेतलेल्या पुरस्काराची बातमी छापू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दसऱ्याच्या आठ दिवस आधी मला एका संस्थेतून फोन आला. माझ्या कवितासंग्रहाची राज्यस्तरीय पुरस्कारासाठी निवड झाल्याचे पलीकडची मुलगी अदबीने सांगत होती. मी नागपुरात एकतीस वर्षे शाळेत संस्कृत आणि मराठी शिकवले. निवृत्तीनंतर स्वतःच्या पैशांनी ते लहानसे पुस्तक काढले. तीनशे प्रती छापल्या, त्यातल्या निम्म्या अजून दिवाणात आहेत. त्यामुळे फोनवर ते ऐकताना माझे डोळे भरून आले. दोन मिनिटांनी कळले, की नोंदणी शुल्क अडीच हजार रुपये. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह त्यातच. फोटोसह बातमी पेपरात हवी असेल तर त्याचे वेगळे. पुस्तक कोणी वाचले, असे मी विचारले. "मॅडम, एक प्रत कार्यक्रमाला येताना सोबत आणा," असे उत्तर मिळाले.

मी पैसे भरले नाहीत. पण नाही म्हणायला मला दोन दिवस लागले, आणि त्या दोन दिवसांत जे मनात आले ते आपल्या वाचकांपुढे ठेवावेसे वाटते.

प्रसिद्धीची इच्छाच पाप आहे, असे मी म्हणणार नाही. आपल्या जुन्या कवींनी तसे मानलेले नाही. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने काव्याची प्रयोजने सांगताना यशाला पहिले स्थान दिले, पैशाला दुसरे. मेघदूतातला रामगिरी म्हणजे आपले रामटेक, हे मत नागपूरचेच संस्कृत पंडित वा. वि. मिराशी यांनी आयुष्यभर मांडले. त्या रामगिरीच्या कवीने, कालिदासाने, रघुवंशाच्या तिसऱ्याच श्लोकात स्वतःला 'कवियशःप्रार्थी', म्हणजे कवीच्या यशाची इच्छा धरणारा, म्हटले आहे. उंच माणसाच्या हाताला लागणाऱ्या फळासाठी बुटक्याने हात वर करावेत, तसे माझे हसे होईल, असे तो म्हणतो. म्हणजे इच्छा आहे, ती कबूलही आहे, आणि फळ आपल्या हातापेक्षा उंच आहे हेही त्याला ठाऊक आहे. संस्कृत नाटककार भवभूती तर विदर्भातल्या पद्मपूरचा. आपली किंमत न करणाऱ्यांना त्याने सरळ सांगितले, की माझ्यासारखा कोणीतरी पुढे जन्मेल, कारण काळाला अंत नाही आणि पृथ्वी मोठी आहे. त्याने वाचकाची वाट पाहिली. आज आपल्याला दसऱ्यापर्यंत थांबवत नाही.

मग बिघडले कुठे? माझ्या मते एका श्लोकात. 'देहे त्यागितां कीर्ति मागें उरावी' ही समर्थांची ओळ प्रत्येक सत्कारात कोणीतरी म्हणतोच. मीही अनेकदा फळ्यावर लिहिली आहे. पण त्याच श्लोकाची तिसरी ओळ आहे, 'मना चंदनाचे परी त्वां झिजावें', आणि ती व्यासपीठावर मी क्वचितच ऐकली. समर्थांनी कीर्ती सांगितली ती सहाणेवर झिजणाऱ्या खोडाची. खोड झिजले की गंध दुसऱ्याच्या कपाळी लागतो.

ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय शिकवताना वर्गात मी नेहमी एका ठिकाणी थांबत असे. अमानित्व म्हणजे काय, हे सांगताना ज्ञानदेव म्हणतात:

पूज्यता डोळां न देखावी । स्वकीर्ति कानीं नायकावी ।
हा अमुका ऐसी नोहावी । सेचि लोकां ॥

'सेचि' म्हणजे आठवणच. हा अमका, एवढीही आठवण लोकांना राहू नये. पुढे ते म्हणतात, की बृहस्पतीइतके ज्ञान असले तरी असा माणूस वेडेपणात दडून बसतो, 'महिमेभेणें', म्हणजे मोठेपणाच्या भीतीने. मुले विचारत, मोठेपणाची भीती कशी वाटेल? मी तेव्हा सांगत असे, की मोठेपण आले की माणूस कामाकडे पाहायचे सोडून लोकांच्या नजरेकडे पाहू लागतो. आता मला वाटते, हे मी समजून न घेताच सांगत होते. त्या फोननंतरच्या दोन दिवसांत मी एकही ओळ लिहिली नाही. कोणती साडी नेसायची, याचा मात्र विचार केला.

कोणी म्हणेल, संतांनीही अभंगात आपले नाव घातलेच ना? घातले. पण 'तुका म्हणे' ही मला साक्षीदाराची सही वाटते. या शब्दांची जबाबदारी माझी, एवढेच ती सांगते.

इतिहासात पैसे देऊन नाव कोरून घेणे नवे नाही, हेही मान्य केले पाहिजे. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातला लेख वाकाटक राजा हरिषेणाच्या वराहदेव या मंत्र्याचे नाव सांगतो. भिंतींवर चित्रे काढणाऱ्यांची नावे सांगत नाही. मला याचे वाईट वाटते. तरीही वराहदेवाने नावाबरोबर एक लेणे ठेवले, आणि ते पंधराशे वर्षे उभे आहे. आपल्या सीताबर्डीवर नोव्हेंबर १८१७ मध्ये लढाई झाली. इंग्रजांच्या पलटणींनी 'सीताबर्डी' हा मानाचा शब्द आपल्या निशाणांवर मिरवला. भोसल्यांकडून लढलेल्या अरब शिपायांपैकी एकाचे तरी नाव मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगू शकले नाही.

आणि अशोक. त्याच्या चौदा शिलालेखांतला दहावा लेख कीर्तीवरच आहे. यश आणि कीर्ती यांना मी फार मोल देत नाही, लोकांनी धम्म ऐकावा आणि पाळावा एवढ्यापुरतीच ती हवी, असे तो दगडावर कोरून सांगतो. पुढे ती लिपीच लोक विसरले. जेम्स प्रिन्सेप या इंग्रज अभ्यासकाने १८३७ मध्ये ती वाचली, तेव्हाही 'देवांचा प्रिय प्रियदर्शी' एवढेच हाती आले; 'अशोक' हे नाव असलेला मस्कीचा लेख १९१५ मध्ये सापडला. त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अशोक विजयादशमीला, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, याच शहरात बाबासाहेबांनी लाखो लोकांसह धम्म स्वीकारला. कीर्ती स्वस्त मानणाऱ्या राजाला मिळालेले याहून मोठे स्मारक मला माहीत नाही.

मी दरवर्षी दीक्षाभूमीवर जाते ती पुस्तकांच्या दुकानांसाठी. यंदाही गेले. एक बाई पिशवीत भाकरीचे गाठोडे घेऊन उभी होती. तिने तीन पुस्तके निवडली, पैसे मोजले, एक परत ठेवले, मग पुन्हा उचलले. तिच्या हातात पुस्तक असणे, हा त्या लेखकाचा पुरस्कार. तो लेखक तिथे नव्हता, आणि त्याला हे कधी कळणारही नाही.

धर्माबद्दल थोडेच लिहिते. आमच्या वस्तीतल्या देवळाच्या जीर्णोद्धारानंतर देणगीदारांची संगमरवरी पाटी कुठे लावायची यावर वर्षभर भांडण चालले. ज्या विदर्भात गाडगेबाबांनी पायांना हात लावू दिला नाही, कोणाला शिष्य केले नाही, खराट्याने गाव झाडले आणि तीर्थांच्या ठिकाणी गरिबांसाठी धर्मशाळा उभारल्या, तिथे हे घडते आहे. पाटी लागल्यावर मी त्या देवळात जाणे सोडले.

माझा एक जुना विद्यार्थी फ्लेक्स आणि सन्मानचिन्हे तयार करतो. त्याला हा सगळा प्रकार सांगितला. तो म्हणाला, "मॅडम, तुमी नाही घेनार तं दुसरा घेईन. सीझनमंधी मले झोपाले टाइम नाही रायत." त्याचा दोष नाही, त्याचे ते पोट आहे. पण ही साखळी कुठे तुटू शकते, याचा मी विचार केला तेव्हा मला आपले पान दिसले. फोटो छापून येणार नसेल, तर अडीच हजार रुपये फार थोडे लोक भरतील.

म्हणून माझी विनंती आहे. पुरस्काराची बातमी देण्याआधी आपल्या वार्ताहराने आयोजकांना दोनच प्रश्न विचारावेत: मानकऱ्याकडून पैसे घेतले का, आणि पुस्तक कोणी वाचले? उत्तर मिळाले नाही, तर बातमी घेऊ नये. त्या जागेत आठवड्याला विदर्भातल्या एका नव्या पुस्तकाबद्दल, ते खरोखर वाचलेल्या माणसाकडून, दोनशे शब्द छापावेत. लेखकाचा फोटो नसला तरी चालेल.

माझ्या पुस्तकाची पाळी कधी आली आणि परीक्षकाने ते कच्चे आहे असे लिहिले, तर मी ते कात्रण जपून ठेवीन. फक्त त्याने ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेले असावे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, नागपूर