मंत्रीसाहेब, माझा उपचार खिडकीवरचा पोरगा ठरवतोय

मा. मंत्रीसाहेब,

स.न.वि.वि. तुम्ही मला ओळखणार नाही. धायरीत तुमचं आरोग्य शिबिर झालं तेव्हा मी मांडवाच्या अगदी कडेला माझ्या कॅन्सरच्या उपचाराची फाईल घेऊन उभा होतो, कडेला यासाठी की मला दर पाऊण तासाला लघवीला जावं लागतं आणि तुमच्या एवढ्या मोठ्या शिबिरात त्याची सोय नव्हती. तुम्ही खांद्यावर हात ठेवलात, म्हणालात काका, कागद पीएकडे द्या, आठ दिवसात काम होईल. फोटोही निघाला. आठाचे ऐंशी दिवस झाले आणि काल मोबाईलवर मेसेज आला, आपला अर्ज निकाली काढण्यात आला आहे. काय निकाल लागला ते त्यात नाही. फोन केला तर पीएसाहेब विचारतात, कुठली फाईल?

तर फाईल ही. वय ६७, रिटायर्ड फिटर, भोसरीत ३१ वर्षं मशीनवर. प्रोस्टेटचा, म्हणजे पुरुषांना लघवीच्या पिशवीखाली असते त्या ग्रंथीचा कॅन्सर, कळला तेव्हाच हाडात गेलेला. त्याआधी दोन वर्षं लघवीला त्रास होता तर सगळे म्हणायचे वय झालं, होतं असं. प्रोस्टेटसाठी पीएसए नावाची साधी रक्ताची तपासणी असते हे मला कॅन्सर झाल्यावर कळलं.

दर तीन महिन्यांनी हार्मोनचं इंजेक्शन घ्या किंवा अंडकोष काढायचं ऑपरेशन करा असं सांगितलं. इंजेक्शन परवडेना, ऑपरेशन सरकारच्या आरोग्य योजनेत बसलं, करून टाकलं. लिहायला लाज वाटत होती पण आता कसली लाज. रात्री अंगातून वाफा निघतात, बनियन पिळून काढावा लागतो. हिला पन्नाशीत असं व्हायचं तेव्हा मी चेष्टा करायचो, आता ती काही बोलत नाही, नुसता पंखा मोठा करते. त्यावर अबिराटेरॉनच्या, म्हणजे हार्मोन दाबणाऱ्या गोळ्या सोळा महिने चालल्या, पीएसए एकच्या खाली आला, दिवाळीला चकल्या खाल्ल्या मी. मग ४, मग ११, मग ३८, म्हणजे आजार पुन्हा वाढला.

तेव्हा डॉक्टरांनी जीनची तपासणी करायला लावली (योजनेत नाही, खिशातून वीस हजार) आणि बीआरसीए टू नावाच्या जीनमध्ये बिघाड निघाला. जन्मापासूनचा. आई १९८४ साली छातीच्या गाठीने गेली, मावशीही तशीच. आम्ही नशीब म्हणून गप्प बसलो होतो.

आता पुढे काय, तर एक म्हणजे डोसेटॅक्सेलची केमो, दर तीन आठवड्यांनी सलाईन. दुसरी ओलापारिबची गोळी, सकाळी दोन संध्याकाळी दोन. डॉक्टरांनी मला समजेल असं सांगितलं, की पेशीत मोडतोड झाली की दुरुस्तीच्या वाटा असतात, तुमच्या कॅन्सरच्या पेशीत एक वाट या बिघाडामुळे बंदच आहे, ही गोळी दुसरी बंद करते, मग पेशी मरते. फिटरला हे लगेच कळतं साहेब. २०२० साली अमेरिकेत प्रोस्टेटसाठी तिला मान्यता मिळाली. अभ्यासात नुसती हार्मोनची गोळी बदलून घेणाऱ्यांचा आजार साधारण साडेतीन महिन्यात वाढला, ही घेणाऱ्यांचा साडेसात. रक्त कमी होतं, चढवावं लागू शकतं, तेही सांगितलं. जादू नाहीये. पण चार महिने म्हणजे तुमचं एखादं अधिवेशन असेल, माझ्या नातीची दहावी आहे.

डॉक्टर म्हणाले तुमच्या केसमध्ये आधी गोळी. योजनेच्या खिडकीवरचा पोरगा म्हणाला, काका, केमोचा कोड आहे, गोळीचा कोड नाही. कोड म्हणजे योजनेच्या यादीतला नंबर, तो नसेल तर योजना पैसे देत नाही. झालं! एमडी, डीएम करून बसलेला माणूस एकीकडे आणि कोड दुसरीकडे. पोराचा राग नाही, त्याला पगार किती मिळत असेल ते दिसतंच. पण पाच लाखांचं कवच म्हणून तुमचे बोर्ड लागलेत ते कवच कुठल्या बाजूने घालायचं तेवढं सांगा.

२०२५ च्या बजेटमध्ये ३६ औषधांची कस्टम ड्युटी माफ झाली, सप्टेंबरात ३३ औषधांचा जीएसटी शून्य झाला. मी दोन्ही याद्या चष्मा लावून वाचल्या. माझी गोळी कशातच नाही. भारतीय कंपन्यांनी स्वस्तातली काढलीय म्हणतात, स्वस्त म्हणजे कुणाला? माझी पीएफची पेन्शन २,८०० रुपये आहे.

आणि मुलगी. ३९ वर्षांची आहे. हा बिघाड तिच्यात असण्याची शक्यता निम्मी, मुलाचीही तेवढीच. तिच्यात निघाला तर छातीचा आणि अंडाशयाचा धोका, पण वेळेत कळलं तर लक्ष ठेवता येतं, काही करता येतं. ती म्हणते बाबा, पैसे घालून भीती कशाला विकत घ्यायची, आणि सासरी काय सांगू? मी काय बोलणार, माझ्याकडूनच आलं असेल तर. निदान अशा पेशंटच्या मुलांची तपासणी तरी फुकट करा हो. आणि अर्ज नाकारला तर कारण लिहून द्या. एवढंच मागतोय.

बाकी काय बोलायचं. सिंहगड रोडने बसमधून जाताना प्रत्येक खड्डा माझ्या मणक्यात मोजला जातो, तिथेच गाठी आहेत. उतरलं की मुतारी शोधा, असली तर कुलूप. त्या कुलपासमोर तुमच्या वाढदिवसाचा फ्लेक्स, वीस फुटी, दात दाखवून. त्याला कोड लागतो का? एकतीस वर्षं पगारातून कापून घेतलं, माचिसपासून मोटरसायकलपर्यंत टॅक्स भरला, तेव्हा कुणी म्हणालं नाही काका तुमचा कोड नाही. नगरसेवकाकडे गेलो तर आमदाराकडे जा, आमदाराकडे गेलो तर पुढच्या आठवड्यात या, मी पुढचा आठवडा मोजून जगतोय राव.

गुरुवारी साडेनऊचा नंबर आहे. गोळी की केमो ते सांगायचंय. काही झालं नाही तर केमो सांगणार, कारण तिचा कोड आहे. बुधवारी संध्याकाळपर्यंत पीएसाहेबांना फाईल सापडली तर बघा.

आपला,
धायरीचा एक मतदार

ता.क. शिबिरातला तो फोटो तुमच्या पेजवर अजून आहे. त्यात माझ्या हातात आहे ना, तीच फाईल.