एकच भूत का दिसतं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘अटारी’ या व्हिडिओ गेम कंपनीवरच्या लेखासोबत छापलेल्या घरगुती ‘पॅक-मॅन’ या गेमच्या चित्रात नायकामागे लागणाऱ्या चार भुतांऐवजी एकच भूत आहे. ती छपाईची चूक नव्हे. कंपनीची कर्तबगारी आणि तिचं दुखणं, दोन्ही त्या चित्रात आहेत. लेखात मात्र ‘ई. टी.’ या एका गेमने कंपनी बुडवली एवढंच आलं, म्हणून हे पत्र.

नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी यांनी १९७२ मध्ये कॅलिफोर्नियात कंपनी काढली. त्याच वर्षी ॲलन ॲलकॉर्न यांनी बांधलेल्या ‘पाँग’ या चेंडूफळीच्या गेममध्ये प्रोसेसर नव्हता, प्रोग्रामही नव्हता, चेंडू हलायचा तो निव्वळ लॉजिक चिपांच्या जोडणीवर. १९७७ च्या घरगुती यंत्रात प्रोसेसर आला, पण मेमरी अवघी १२८ बाइट. अख्खं चित्र साठवायला जागाच नाही. त्यामुळे टीव्हीच्या काचेवर चित्र काढणारा इलेक्ट्रॉनचा झोत एकेक ओळ रंगवत जाताना त्या ओळीत काय उमटवायचं ते प्रोग्रामने ऐनवेळी पुरवायचं. ओळीमागे प्रोसेसरचे ७६ ठोके, म्हणजे कामाची सर्वात छोटी पावलं, मिळतात. एक आकडा उचलून व्हिडिओ चिपमध्ये टाकायला साधारण ५ ठोके, म्हणजे जेमतेम १५ बदल. उशीर झाला की आकृती भलतीकडे उमटते. कोण कुठे आदळलं, गुण किती, हा हिशेब झोत चित्राबाहेर असताना उरकायचा. तिथे रेंगाळलात तर फ्रेमच्या, म्हणजे एका पूर्ण चित्राच्या, २६२ ओळींचं गणित चुकतं आणि चित्र गडगडतं.

चिपला हलत्या आकृत्या पाचच ठाऊक: दोन खेळाडू, दोन गोळ्या, एक चेंडू. रणगाड्यांच्या खेळाला तेवढं पुरायचं. १९८२ च्या ‘पॅक-मॅन’मध्ये एक खेळाडू नायकालाच लागला, उरलेल्या एकातून चार भुतं पाळीपाळीने, प्रत्येक भूत चार फ्रेममधून एकदा. जुन्या काचेवरची चमक रेंगाळायची, म्हणून ती लुकलुकत का होईना चार दिसत.

अशी कसरत करणाऱ्यांचं नाव खोक्यावर नसे. हा अन्याय होता आणि तो महागात पडला. १९७९ मध्ये डेव्हिड क्रेन, ॲलन मिलर, बॉब व्हाइटहेड आणि लॅरी कॅप्लन बाहेर पडून ‘ॲक्टिव्हिजन’ या नव्या गेम कंपनीत गेले. परक्या कॅसेट अडवणारं कुलूप यंत्राला नव्हतंच. त्यासाठी गेमची कॅसेट कुणीही काढू शकत होतं. त्यातून ‘पिटफॉल’सारखं अप्रतिम काम आलं, पाठोपाठ सुमार मालाचा लोंढाही. ‘ई. टी.’ सुमारे पाच आठवड्यांत उरकला होता, हे खरं. पण १९८३ ची व्हिडिओ गेम धंद्याची पडझड एका गेमची नव्हती. न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या ज्या खड्ड्यात अटारीने न खपलेला माल पुरला होता, त्यातून २०१४ मध्ये इतर गेमच्याही कॅसेट निघाल्या. पुढे निन्टेन्डो या जपानी गेम कंपनीने अमेरिकेतल्या यंत्रात कुलपाची चिप घातली, ती याच अनुभवावरून.

पुढच्या वेळी चित्र घेताना एम्युलेटरमधली (जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममधली) काचेची रेंगाळती चमक दाखवणारी ‘फॉस्फर’ सोय सुरू करावी, किंवा लागोपाठच्या चार फ्रेम एकावर एक ठेवाव्यात. चारही भुतं दिसतील.

– एक वाचक, पुणे